एका ब्रेकला पाऊण किलोमीटर

नाशिक फाट्यावरून चाकणच्या दिशेने निघालेल्या पिकअपच्या हौद्यात काय असेल, हे या भागातला माणूस न पाहताही सांगू शकतो. निळ्या क्रेटमध्ये रचलेले मशीनिंग झालेले भाग, फोर्जिंग, रबरी नळ्या, वायरिंगची वेटोळी, नाहीतर पुठ्ठ्याची खोकी. कासारवाडी, लांडेवाडी आणि भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत घडलेला माल वीस किलोमीटरवरच्या चाकणमध्ये जाऊन कुठल्यातरी मोटारीत बसतो. मोठी कंपनी साठा ठेवत नाही. आज लागणारा माल आजच, ठरल्या वेळेला गेटवर यायला हवा, असा तिचा दंडक असतो. त्यामुळे खेपा जास्त, खेपेमागचे भाडे बेताचे, आणि त्या भाड्यातला सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. दोन पिकअपवाले टपरीवर भेटले की बोलणे ॲव्हरेजवर येते ते यामुळेच.

ॲव्हरेज घसरले की पहिला संशय गाडीवर. मग इंजेक्टर तपासा, एअर फिल्टर बदला, पंपावर मापात मारतात का ते बघा, अशी फिरवाफिरव सुरू होते. यातले काही कधीकधी खरे निघतेही. पण एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या, एकाच रस्त्यावर धावणाऱ्या दोन पिकअप घेतल्या आणि त्यांचे चालक आपसांत बदलले, तर ॲव्हरेजही बऱ्याच अंशी चालकाबरोबर दुसऱ्या गाडीत जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने तिथल्या मोटारींबद्दल दिलेला अंदाज असा, की धसमुसळ्या चालवण्याने महामार्गावर ॲव्हरेज १५ ते ३० टक्के घसरते आणि थांबत-थांबत जाणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के. फिल्टर बदलून एवढा फरक पडत नाही.

धसमुसळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ॲक्सिलरेटर येतो. माझ्या मते दोष चुकीच्या पेडलला दिला जातो. डिझेल आत सोडतो तो ॲक्सिलरेटर हे खरे, पण ते वाया घालवतो तो ब्रेक. हे पटण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. घरच्या वीजबिलावर असते तेच हे युनिट. यातला मोठा भाग इंजिनला वापरताच येत नाही. सहा-सात युनिट रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटे उष्णता होऊन निघून जातात, थोडे गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल खातात. चाकांपर्यंत पोचतात फार तर तीन. ही वाटणी इंजिन घडवणाऱ्या अभियंत्यांच्या हातात असते, आणि त्यांनी गेल्या शंभर वर्षांत ती बरीच सुधारली आहे. चाकांना मिळालेल्या तीन युनिटांचे पुढे काय करायचे, हे मात्र चालक ठरवतो.

त्यांतले काही टायर दाबत-सोडत रस्त्यावरून लोळण्यात जाते, काही समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. ही दोन्ही कामे झाल्याशिवाय माल चाकणला पोचणार नाही, म्हणून तो खर्च कामाचा. उरलेले गाडीच्या वेगात साठून राहते. माल धरून तीन टन भरणारी पिकअप ताशी ६० किलोमीटरने धावत असते तेव्हा तिच्या वेगात जेवढी ऊर्जा साठलेली असते, ती मिळवायला वरच्या हिशेबाने सुमारे ४० मिलिलिटर डिझेल लागते. अर्ध्या कटिंगएवढे. ही ऊर्जा गेलेली नसते, जमा असते. पाय उचलला तर गाडी तिच्या जोरावर पुढे जात राहते. ब्रेक दाबला, की ती डिस्क आणि ड्रम तापवून हवेत जाते. हिरवा दिवा लागला की तेवढेच डिझेल पुन्हा घालायचे.

याच ४० मिलिलिटरमध्ये हीच गाडी सपाट रस्त्यावर ६० च्या एकसारख्या वेगाने साधारण पाऊण किलोमीटर गेली असती. म्हणजे ६० वरून शून्यावर आणणारा प्रत्येक ब्रेक पाऊण किलोमीटरचे डिझेल घेतो. नाशिक फाटा ते चाकण या वाटेवर भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी आणि शेवटी चाकणचा तळेगाव चौक अशी थांबायची ठिकाणे कमी नाहीत, आणि मधेच आडव्या येणाऱ्या दुचाकी वेगळ्याच. एका खेपेत असे पंधरा ब्रेक धरले, तर वीस किलोमीटरच्या रस्त्यावर गाडीने एकतीस किलोमीटरचे डिझेल जाळले. मीटर मात्र वीसच दाखवतो. लिटरला अठरा देऊ शकणारी गाडी बारावर येते ती अशी.

आता या हिशेबातला महत्त्वाचा भाग. वेगात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० च्या वेगावरून थांबलात तर १७-१८ मिलिलिटर जातात, ६० वरून थांबलात तर ४०. वेग दीडपट, नुकसान सव्वादोनपट. दोन सिग्नलांमध्ये अर्धा किलोमीटर असेल, तर ६० ने जाणारा ४० ने जाणाऱ्याच्या पंधरा सेकंद आधी पुढच्या सिग्नलला पोचतो आणि बहुतेक वेळा तिथे त्या पंधरा सेकंदांसाठी थांबून राहतो. मागचा येतो तोपर्यंत दिवा हिरवा झालेला असतो. लिटरला ९० रुपयांच्या आसपास भाव धरला, तर पहिल्याने दोन रुपये जास्त देऊन सिग्नलला उभे राहण्याचा मान मिळवला. दिवसभरात असे किती सिग्नल लागतात, हे ज्याचे त्याने मोजावे.

मग ब्रेक मारायचाच नाही का? मारायचा, आणि गरज पडली तर पूर्ण ताकदीने मारायचा. जीव वाचवण्यापुढे ४० मिलिलिटरचा हिशेब कोणी करू नये. मुद्दा ती वेळ येण्याआधीच्या दोनशे मीटरचा आहे. दूरवर गाड्यांचे मागचे दिवे लाल होताना दिसले, सिग्नल बराच वेळ हिरवा होता आणि आता बदलणार असे वाटले, पुढची पीएमपी बस थांब्याकडे वळताना दिसली, की त्या क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून उठला पाहिजे. टॉप गिअरमध्येच ठेवून नुसता पाय काढला, तर ६० वरची भरलेली पिकअप दोनशे मीटर जाता-जाता बराच वेग गमावते. त्या सगळ्या अंतरात इंजिनला डिझेल मिळत नाही, कारण ॲक्सिलरेटर पूर्ण सुटलेला आणि गाडी गिअरमध्ये असली की आजचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन डिझेलचा पुरवठा थांबवते. दोनशे मीटर फुकट. पाय उशिरा उचलणाऱ्याने तेच दोनशे मीटर डिझेल जाळत कापलेले असतात आणि शेवटी ब्रेकही मारलेला असतो.

त्यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे लागते. यावर ठरलेले उत्तर असे, की आपल्याकडे अंतर ठेवले की त्यात रिक्षा घुसते. घुसते खरी. घुसू द्यावी. दहा रिक्षा घुसल्या तरी चाकणला पोचायला मिनिटभर उशीर होणार, आणि पुढच्या गाडीला चिकटून चालणाऱ्याला तिच्या प्रत्येक ब्रेकचा वाटेकरी व्हावे लागते. फक्त पुढच्या गाडीचे मागचे दिवे पाहून चालवणारा चालक स्वतःच्या नव्हे, पुढच्याच्या सवयीने डिझेल जाळत असतो.

या संदर्भात टाटा एसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००५ साली आलेली ही गाडी सुरुवातीला आपल्या पिंपरीतच बनत होती. दोन सिलिंडरचे, ७०० सीसीच्या आसपासचे इंजिन आणि ताकद सोळा हॉर्सपॉवर. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले आणि ॲव्हरेजसाठी तिचे नाव झाले. ते नाव तिच्या अभियंत्यांनी कमावलेले आहे यात शंका नाही, पण त्यात तिच्या अशक्तपणाचाही वाटा होता. माल भरलेला छोटा हत्ती झटकन वेग घेऊच शकत नव्हता, त्यामुळे ब्रेकमध्ये उधळायला चालकाकडे वेगच शिल्लक नसायचा. आजच्या अडीच लिटरच्या टर्बो पिकअपला त्याच्या चौपटीहून जास्त ताकद असते. ताकद जास्त म्हणून ती डिझेल जास्त पिते असे नाही. डिझेल उधळण्याची सोय तिच्यात जास्त आहे, एवढेच.

याचा अर्थ गाडी मुंगीच्या पावलाने उचलावी असाही नाही. हा गैरसमज सज्जन चालकांमध्ये फार आढळतो. टर्बो डिझेलचा खरा जोर साधारण दीड हजार ते सव्वादोन हजार फेऱ्यांच्या पट्ट्यात असतो, आणि त्या पट्ट्यात मध्यम-भरीव ओझ्याखाली इंजिन सगळ्यात काटकसरीने चालते. तेव्हा निघताना दबकत-दबकत दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळण्यापेक्षा बेताची रेस देऊन लवकर वरच्या गिअरला जावे आणि तिथे पाय हलका करावा. चुकीच्या गिअरमुळे डिझेलचा खर्च २० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन म्हणजे पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था सांगते. टाटा इंट्रासारख्या काही नव्या गाड्यांत गिअर कधी बदलायचा ते समोरच्या फलकावर दिसते. क्लचवर पाय ठेवून बसण्याच्या सवयीबद्दल वेगळे लिहायची गरज नाही. तिचे बिल क्लचप्लेट बदलताना येतेच.

आता हवेकडे वळू. आपल्या तीन टनी पिकअपला रस्त्यावर लोळत ठेवण्यासाठी चाकांना सुमारे ३० किलोचा जोर सतत लावावा लागतो. हा वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. चौकोनी पाठीच्या पिकअपला तो ताशी ४० ला सुमारे ११ किलो, ६० ला २५ आणि ८० ला ४५ किलो भरतो. म्हणजे एकूण जोर ४१, ५५ आणि ७५. साठावरून ऐंशीला गेलात की प्रत्येक किलोमीटरमागे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम वाढले. ८० च्या ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवल्यास ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळते, असे पीसीआरए अनेक वर्षे सांगत आली आहे. आकडा मोठा वाटतो, पण हवेचे गणित त्याच्या बाजूने आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेने सगळ्या देशात ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली, म्हणजे ५६ किलोमीटरची. तिचा मुख्य हेतू टायरचे रबर वाचवणे हा होता, आणि तरी तो वेग पीसीआरएच्या पट्ट्याला जवळजवळ येऊन टेकतो. नव्या मालवाहू गाड्यांना आपल्याकडे कायद्याने ८० चा वेगनियंत्रक असतो. पुष्कळ चालकांची त्यावर नाराजी असते. डिझेलच्या दृष्टीने पाहिले तर ८० हासुद्धा महागच वेग आहे.

हवेबद्दल एक जुना वाद आहे: रिकाम्या पिकअपचा मागचा फाळका उघडा टाकावा की बंद ठेवावा? उघडा टाकला की हवा आरपार जाईल, असे मनाला वाटते. पिकअपच जिथे घरोघरी असते त्या अमेरिकेत यावर बऱ्याच चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष उलटा निघाला. फाळका बंद असला की केबिनच्या मागे हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो, आणि वरून येणारी हवा त्याच्या पाठीवरून सरकत निघून जाते. फाळका उघडला की हा भोवरा मोडतो आणि ओढ वाढते. तेव्हा फाळका बंदच ठेवावा, नियमही तेच सांगतो. खरे नुकसान होते ते सैल ताडपत्रीने आणि केबिनच्या वर डोकावणाऱ्या मालाने. फडफडणारी ताडपत्री म्हणजे वाऱ्याशी विनाकारण घातलेली कुस्ती. ती कसून बांधायला दोन मिनिटे लागतात.

टायरमधली हवा हा कंटाळवाणा विषय आहे, म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. दाब एक चतुर्थांशाने कमी असेल तर इंधन ५ ते १० टक्के जास्त लागते, असा पीसीआरएचा अंदाज. मागच्या टायरचा दाब मालाप्रमाणे वेगळा असतो आणि तो गाडीवरच्या पाटीवर लिहिलेला असतो. टायर गार असताना, सकाळी, आठवड्यातून एकदा पाहावा. एवढेच.

न्यूट्रलचा विषय मात्र थांबून बघावा लागेल, कारण त्यात पैसे वाचवण्याच्या नादात माणसे मरतात. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, काही जण तर किल्लीच फिरवायची, ही सवय घाटातल्या जुन्या चालकांनी पुढच्या पिढीला दिली. त्यात डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये उतरताना पुरवठा पूर्ण बंद असतो हे वर आलेच, तर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांतही गव्हर्नर पाय सोडल्यावर डिझेल अडवतच असे. तेव्हा तीव्र उतारावर न्यूट्रलला टाकणारा तोट्यात जातो. किल्ली बंद करणारा न्यूट्रलच्या तुलनेत डिझेल वाचवतो, पण त्याच्या बदल्यात इंजिनची रोध देणारी ताकद आणि ब्रेकला मदत करणारी यंत्रणा गमावतो. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकच्या बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने पुढच्या कितीतरी गाड्या चेपल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले होते. वाचणारे डिझेल असेल थोडेसेच.

उलट, जिथे इंजिन खरेच बंद करायला हवे तिथे ते तासन् तास चालू असते. चाकणमध्ये कंपनीच्या गेटबाहेर माल उतरवण्यासाठी लागलेली पिकअपची रांग पाहा. दर पाच-दहा मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते, आणि तेवढ्यासाठी रांगेतली निम्मी इंजिने घरघरत असतात. अडीच लिटरचे डिझेल इंजिन नुसते उभे असताना तासाला अर्धा ते एक लिटर पिते, एसी लावला तर त्याहून जास्त. वीस मिनिटांची रांग म्हणजे पाव लिटरच्या आसपास, म्हणजे तीन-चार किलोमीटरचे डिझेल. बंद-चालू केल्याने जास्त जळते, ही समजूत जुनी झाली. मिनिटभराहून जास्त थांबायचे असेल तर बंद करावे. एक अपवाद. चढ चढून किंवा जोरात पळवून आल्यावर टर्बो तापलेला असतो, तेव्हा मिनिटभर इंजिन तसेच राहू द्यावे आणि मग किल्ली फिरवावी.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचे आणखी एक नुकसान १ एप्रिल २०२० पासून वाढले. त्या दिवशी बीएस-६ लागू झाले आणि डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. ही काजळी जाळून टाकायला धूर फार गरम व्हावा लागतो, आणि रांगेत घुटमळणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापत नाही. फिल्टर भरत जातो, मग गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून तो साफ करू पाहते, आणि समोर दिवा पेटतो. हा दिवा पाहून पुष्कळ जण घाबरून इंजिन बंद करतात. तिथे करायचे असते नेमके उलटे: मोकळ्या रस्त्यावर गाडी काही वेळ बेताच्या वेगाने सलग चालवायची. हे शोरूममध्ये गाडी देताना नीट सांगितले गेले, तर निम्म्या तक्रारी कमी होतील.

चालकाचा पाय एवढे सगळे ठरवतो, हे या परिसरात तरी नवे ज्ञान नाही. नाशिक फाट्याजवळ १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी आहे, आणि देशभरच्या राज्य परिवहन महामंडळांचे अधिकारी आणि प्रशिक्षक तिथे शिकायला येतात. तिच्या शेजारीच चारचाकीच्या पक्क्या लायसन्सची चाचणी देणाऱ्यांची रोज गर्दी असते. आठचा आकडा आणि रिव्हर्स जमला की माणूस सुटला. गाडी वळवता येते की नाही हे तिथे कळते. दोनशे मीटर पुढचे पाहता येते की नाही हे कळत नाही. आपल्या एसटीने मात्र ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. दहा लिटरमध्ये किती किलोमीटर, म्हणजे केपीटीएल, हा शब्द आगारातल्या कोणत्याही चालकाला विचारा. लाखो लिटर डिझेल जाळणाऱ्या महामंडळाला हा आकडा दशांशात हलला तरी कोट्यवधींचा फरक पडतो. कासारवाडीतच फोर्ब्स मार्शलसारखी कंपनी वाफ कुठे गळते ते शोधून कारखान्यांचे इंधन वाचवण्यावर उभी आहे. तिच्या फाटकासमोरून जाणाऱ्या पिकअपची गळती कोणी मोजत नाही.

मोजणे अवघड नाही. कंपनीने जाहीर केलेला आकडा विसरा. तो चाचणीच्या खोलीत, रोलरवर चाके फिरवून काढलेला असतो. पडद्यावरच्या वेगाच्या रेषेला चिकटून चालवणारा प्रशिक्षित माणूस, ना खड्डे, ना रिक्षा, आणि वेग जास्तीत जास्त ९०. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था १९६६ पासून असली कामे करते आणि तिचे एक केंद्र चाकणलाही आहे. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो आकडा चांगला, तुमच्या खेपेला लावायला नाही. तुमचे ॲव्हरेज तुम्हीच काढायचे, फुल टू फुल: एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, मीटर लिहून ठेवायचा, टाकी निम्म्याहून खाली गेली की पुन्हा तसेच भरायचे आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे. पन्नास-शंभर रुपयांचे डिझेल टाकत राहणाऱ्याला हा आकडा कधीच कळत नाही, आणि जो कळत नाही तो सुधारतही नाही.

इथे मालकांनाही एक गोष्ट ऐकवावी लागेल. पुष्कळ ठिकाणी डिझेल मालकाचे, आणि चालकाला पगार खेपेवर. अशा वेळी चालकाने पाय उचलून दोन मिनिटे घालवली, तर त्याचा तोटा त्याला आणि डिझेलचा फायदा शेठला. त्याने का घालवावीत? शेठ म्हणतात, "गाडी ॲव्हरेज देत नाही," आणि चालक मनात म्हणतो, मला तरी कोण देतो. ॲव्हरेज मागच्या तीन महिन्यांपेक्षा वाढले तर वाचलेल्या डिझेलच्या पैशात चालकाचा निम्मा वाटा, एवढा सरळ करार कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा लवकर लागू पडेल. गेटवर पोचायच्या वेळा ठरवणाऱ्या कंपन्यांचाही यात हात आहे. सकाळी नऊला सगळ्यांना बोलावायचे आणि साडेदहापर्यंत रांगेत उभे करायचे, या पद्धतीत चालक रस्त्यावर ब्रेक मारून डिझेल जाळतो आणि गेटवर उभा राहून जाळतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड असा तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी रुपये. तो झाला की भोसरी ते चाकण ब्रेक मारायची कारणे बरीच कमी होतील. वर मोकळा रस्ता मिळाल्यावर पिकअप ८० ने पळाली, तर त्या वीस किलोमीटरांत वाचलेल्या डिझेलचा मोठा हिस्सा हवा घेऊन जाईल. ५५ ने गेली तर तो खिशात राहील. दोन्ही वेगांच्या वेळेतला फरक वीस किलोमीटरला साधारण सात मिनिटांचा आहे. गेटवरच्या रांगेत एवढा वेळ नंबर लागायच्या आतच जातो.